गाडीचं पॉलिश शिकताय? आधी पॅड ओळखा, मग बाटली घ्या



गटाच्या बैठकांमध्ये हल्ली गाडी धुण्याच्या धंद्याचा विषय बराच निघतो. रस्त्याला लागून जागा, बोअरला पाणी आणि एक प्रेशर पंप, एवढ्यावर वॉशिंग सेंटर उभं राहतं. जिंतूर रोडला, गंगाखेड रोडला, पाथरीकडे जाताना तुम्ही ती पाहिलीच असतील. आता काही ताया विचारतात, नुसत्या धुण्यात फार काही सुटत नाही, मग जोडीला आम्ही पॉलिश शिकलो तर? खंडेनवमीच्या पूजेआधी, लग्नसराईत किंवा गाडी विकायला काढली की लोक पॉलिश करून मागतात. काम सावलीत उभं राहून करायचं आणि त्याला जोरापेक्षा हाताचा अंदाज जास्त लागतो. म्हणजे आपल्याला जमण्यासारखंच आहे.

अडचण येते ती सामान घेताना. सामान विकणारा येतो, सात-आठ बाटल्या, एक जड मशीन, लोकरीचं पॅड असा भरगच्च संच मांडतो आणि म्हणतो, "ताई, एकदाच घ्या, सगळं यात आलं." समजा त्यासाठी गटातून २०,००० रुपये उचलले, तर महिना २ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याजच ४०० रुपये होतं. ते हातात एकही गाडी नसताना भरायचं. शिवाय त्या संचातल्या सगळ्यात जहाल वस्तू नेमक्या नवशिक्या हातात द्यायच्या नसतात. मी समाजकार्य शिकलेली, गॅरेजात वाढलेली नाही. पण पॉलिश करणाऱ्या कारागिरांजवळ बसून, विचारून, स्वतः मशीन धरून जे समजलं ते इथे सांगते.

चमक जाते कशी, येते कशी

घरातलं नवं स्टीलचं ताट आठवा. आणलं तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. मग ते तारेच्या घासणीने रोज घासलं आणि आता दिव्याखाली धरलं की त्यावर गोल गोल चरे दिसतात. ताट काही फारसं झिजलं नाही, पण उजेड सरळ परत न येता त्या चऱ्यांवर फुटतो, म्हणून ते मंद दिसतं. गाडीचं अगदी तसंच. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ गाडीवर बसते, त्यात बारीक खडे असतात आणि मालक सकाळी कोरड्या फडक्याने ती पुसतो. उन्हात बोनेटकडे तिरपं बघा, कोळ्याचं जाळं पसरल्यासारखे चरे दिसतील. काळ्या किंवा गडद लाल गाडीवर जास्त दिसतील, पांढऱ्या बोलेरोवर कमी. चरे तिच्यावरही असतातच.

पॉलिश हे चरे बुजवत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. रानात नाली पडली असेल तर दोन उपाय असतात. बाहेरून माती आणून नाली भरायची, नाहीतर आजूबाजूची माती तासून रान नालीच्या तळाला आणायचं. पॉलिश हा दुसरा उपाय आहे. प्रत्येक वेळी आपण गाडीवरचा थर थोडा थोडा तासत असतो.

आता हा थर किती आहे ते बघा. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. चमक असते ती या वरच्या थराची आणि उन्हापासून रंगाला वाचवतो तोही हाच. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. डोक्याचा एक केस बहुतेक वेळा या क्लिअर कोटपेक्षा जाड असतो! एवढ्याशा थरातून आपल्याला काम करायचं आहे.

गटाच्या भाषेत सांगायचं तर क्लिअर कोट हे मुद्दल आहे. हलकं पॉलिश एक-दोन मायक्रॉन घेतं, जहाल कंपाऊंड आणि लोकरीचं पॅड त्याहून बरंच जास्त घेतं. घेतलेलं परत भरता येत नाही. थर फुटून खालचा रंग उघडा पडला तर तो भाग नव्याने रंगवण्यावाचून इलाज नाही, आणि एका बोनेटच्या रंगकामाचा खर्च दहा पॉलिशची मजुरी खाऊन टाकतो. ग्राहक तोंडाने बोलतो ते वेगळंच. म्हणून सगळ्या निवडीचा नियम एकच ठेवा: सगळ्यात मऊ वस्तूपासून सुरुवात, गरज पडली तरच एक पायरी वर.

चरा किती खोल आहे हे नखाने कळतं. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशने जाणार नाही, तसं ग्राहकाला आधीच सांगा. नख सरकलं तर प्रयत्न करायला हरकत नाही.

बाटलीतला रवा आणि मैदा

बाटलीवर नावं काहीही असोत, आतल्या वस्तू तीन जातीच्या असतात. कंपाऊंड म्हणजे जाडसर रवा. पॉलिश म्हणजे मैदा. दोन्हींत बारीक कण असतात, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, आणि ते कणच तासायचं काम करतात. तिसरं वॅक्स. त्यात तासणारे कण नसतात. पुरणपोळीवर तूप सोडावं तसं ते शेवटी वरून लावायचं, चमक खुलते आणि थोडे दिवस पाणी-धूळ चिकटत नाही. बरेच जण नुसतं वॅक्स लावून "पॉलिश केलं" म्हणतात. त्याने गाडीचं नुकसान काही नाही, पण चरे जिथल्या तिथे राहतात.

बाटलीवरचे आकडे बघून गोंधळ होतो. मेंझर्ना या जर्मन कंपनीच्या बाटल्यांवर ४००, २५००, ३५०० असे आकडे असतात. त्यात आकडा जितका मोठा तितकं पॉलिश बारीक. मेग्वायर्स या अमेरिकन कंपनीचं १०५ म्हणजे जहाल कंपाऊंड आणि २०५ म्हणजे शेवटचा हात फिरवायचं बारीक पॉलिश. आता कुणी म्हणेल, २०५ हे ४०० पेक्षा लहान, मग ते जास्त जहाल असेल. उलट आहे, ते कितीतरी सौम्य आहे. एका कंपनीचा आकडा दुसरीशी लावायचाच नाही. दुकानदाराला सरळ विचारा, "यात कट किती आहे?" कट म्हणजे तासण्याची ताकद. काही बाटल्यांवर कट आणि ग्लॉसची पट्टीच छापलेली असते, ती वाचा. (या मेग्वायर्सची सुरुवात १९०१ साली लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून झाली. गाड्या नंतर आल्या.)

माझं मत विचाराल तर सुरुवातीला दोनच बाटल्या घ्या: मध्यम ते बारीक कटचं एक पॉलिश आणि एक वॅक्स. कंपाऊंड पहिल्या दहा गाड्या झाल्यावर बघू.

एका गोष्टीपासून सावध राहा. काही स्वस्त पॉलिशमध्ये तेल आणि वॅक्स भरपूर असतं. ते चऱ्यांत बसतं, गाडी लगेच आरशासारखी दिसते आणि दोन-तीन धुण्यांत सगळे चरे परत वर येतात. ग्राहक परत येतो तो भांडायलाच. हे तपासायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवा. पॉलिश झालेल्या जागेवर फवारा आणि मऊ कापडाने पुसा. तेल निघून जातं आणि खरं काय झालं ते दिसतं. हे चटकन पेट घेतं, तेव्हा ते चुलीपासून, उदबत्तीपासून लांब ठेवायचं.

पैसे पॅडवर खर्च करा

आता मुद्द्याचं. नवशिकी बाई बाटल्यांवर पैसे घालते आणि पॅड एकच घेते. खरं तर उलट करायला पाहिजे. तीच बाटली कडक पॅडवर घेतली तर जास्त तासते, मऊ पॅडवर घेतली तर कमी. एकाच साबणाने तारेची घासणी आणि स्पंज वेगळं काम करतात, तसं. म्हणजे एक पॉलिश आणि दोन प्रकारची पॅड असली की तुमच्या हातात दोन वेगवेगळ्या धारा आल्या, दुसरी बाटली न घेता. म्हणून चरे निघाले नाहीत तर आधी पॅड बदलायचं, बाटली नंतर.

पॅड मुख्यतः तीन प्रकारची. लोकरीचं सगळ्यात जहाल, ते जास्त कापतं आणि स्वतःचेही बारीक चरे मागे ठेवतं. ते गॅरेजमध्ये रंगकाम झाल्यावर वापरतात, आपल्याला सध्या नको. मायक्रोफायबरचंही चांगलंच कापतं. तिसरं फोमचं, आणि आपलं काम याच्यावरच. फोममध्येही कडक, मध्यम आणि मऊ असतात. रंगावरून ओळखायला जाऊ नका. लेक कंट्री कंपनीचं पिवळं पॅड कडक कापणारं असतं, आणि रुपेस या इटलीच्या कंपनीचं पिवळं बारीक कामाचं. दुकानात दोन बोटांत दाबून बघा, पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग ते वाचून घ्या. चार मध्यम आणि दोन मऊ, एवढ्यात सुरुवात होते.

बैठकीत एका मावशींनी विचारलं होतं, "ताई, गाडी एक अन् पॅड कामून सहा?" प्रश्न बरोबर आहे. पॅड फिरताना तासलेल्या थराची भुकटी त्यातच भरत जाते, ओलसर होतं, तापतं. भरलेलं पॅड तासायचं सोडून नुसतं चोळतं, आणि तापलेल्या पॅडमधला फोम मधोमध फाटतो. म्हणून एक-दोन भाग झाले की पॅड बदलायचं, काढलेलं थंड होऊ द्यायचं. प्रत्येक भागानंतर मऊ ब्रशने पॅडचं तोंड झाडायचं. काम संपलं की कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचं. वाळलेली पॅड झाकणाच्या डब्यात ठेवा. पॅड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवशी परत गाडीला लावायचं नाही. मातीचा एक कण आत बसला तर आपणच नवे चरे पाडत बसू.

माप म्हणाल तर ५ इंचाच्या आसपासचं पॅड हाताळायला सोपं. मशीनच्या चकतीपेक्षा पॅड थोडं मोठं असावं, म्हणजे चकतीची कडक कड गाडीला लागत नाही. पॅड मागून वेल्क्रोने चिकटतं, ते दर वेळी बरोबर मधोमध बसवा.

मशीनचं थोडक्यात सांगते. एक असतं रोटरी. ते जात्यासारखं एकाच आसावर गरगर फिरतं, एका जागी दोन क्षण थांबलं तरी तिथे उष्णता होते आणि थर जळतो. दुसरं ड्युअल ॲक्शन, ज्याला डीए म्हणतात. पीठ चाळताना चाळणी फिरते आणि हलतेही, तसं हे. जास्त दाब दिला तर त्याचं फिरणंच थांबतं, म्हणजे नवशिक्या हाताला ते सांभाळून घेतं. घ्यायचं तर डीएच घ्या. चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय, स्पष्ट थांबलेली दिसली तर तुम्ही जास्त दाबताय.

दीड फुटाची परीक्षा

गाडी आधी नीट धुवायची, तीही कपडे धुण्याच्या पावडरीने नाही, गाडीच्या शाम्पूने. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. आपल्या बोअरचं पाणी बहुतेक गावांत जड आहे, ते गाडीवर वाळलं की चुन्याचे पांढरे ठिपके राहतात. म्हणून लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. जुना बनियन किंवा गॅरेजचं वेस्ट वापरू नका. हात फिरवून बघा, खरखर लागली तर क्ले लागेल. क्ले म्हणजे कणकेसारखा गोळा, तो ओल्या पृष्ठभागावर हलक्या हाताने फिरवला की चिकटलेली घाण उचलतो. हा गोळा खाली पडला तर टाकून द्यायचा. नवरदेवाची सजवलेली गाडी असेल तर चिकटपट्टीचे डाग आधी खोबरेल तेल लावून मऊ करून काढा आणि ती जागा धुवा.

मग काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि दारा-बोनेटच्या धारेवर मास्किंग टेप लावायची. प्लास्टिकवर पॉलिश गेलं की पांढरे डाग पडतात आणि सहज निघत नाहीत. धारेवर रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो, बहुतेक अपघात तिथेच होतात.

आता बोनेटवर दीड फूट लांब, दीड फूट रुंद एवढीच जागा टेपने आखा. मऊ पॅड, त्यावर हरभऱ्याएवढे चार-पाच थेंब. मशीन बंद असताना पॅड गाडीवर टेकवा, मग सगळ्यात कमी वेगावर सुरू करून पॉलिश पसरवा. त्यानंतर वेग वाढवा, सहापैकी चार-पाचपर्यंत. हात मात्र सावकाश, एका सेकंदाला इंचभर. अंगण सारवताना आपण नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवतो ना, तसंच इथे. तीन-चार वेळा आडवं, मग उभं. पुसा, अल्कोहोल फवारा, मोबाईलची बॅटरी तिरपी धरून बघा.

चरे बरेचसे गेले असतील तर तुमचं सामान ठरलं, पूर्ण गाडी त्यानेच करा. नाही गेले तर त्याच बाटलीसोबत मध्यम पॅड लावून शेजारी परत दीड फूट. तरीही चार-दोन चरे राहिले तर राहू द्या. ग्राहकाला परीक्षेची जागा आणि शेजारची न केलेली जागा दोन्ही दाखवा आणि "एवढं होईल" म्हणून दर ठरवा. याने पुढचं अर्धं भांडण मिटतं.

जुन्या गाडीवर पॅडला गाडीचाच रंग लागला तर घाबरू नका, त्या गाडीला बहुधा क्लिअर कोटच नाही. पूर्वीच्या गाड्यांना वरचा थर रंगाचाच असायचा. पण नव्या गाडीवर पॅडला रंग आला तर तिथल्या तिथे थांबायचं.

कारागीर पुरुष असतात म्हणून एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगते. काचेच्या बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा, नाहीतर बोनेटवर वाकताना तुम्हीच चरे पाडाल. मंगळसूत्र आत घाला. पदर खोचा किंवा सरळ ड्रेस घाला, वेणी बांधून आत घ्या, फिरत्या मशीनजवळ मोकळं काही नको. मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, म्हणजे ती गाडीवर घासत नाही. धुण्याच्या ओल्या जागेत मशीन लावायचं नाही, पायात रबरी चप्पल पाहिजे, आणि भुकटी उडते म्हणून तोंडाला मास्क.

उन्हाचंही बघा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळून चिकटतं आणि पुसताना ओरखडे पडतात. बोनेटवर हाताची मागची बाजू ठेवा. चटका बसला तर काम बंद. सकाळी लवकर, पत्र्याच्या नाही तर नेटच्या सावलीत काम घ्या, आणि वावटळीच्या दुपारी तर नकोच.

सरावासाठी कुणाचीही गाडी घेऊ नका, भाच्याचीसुद्धा. भंगारवाल्याकडून एक रंग शाबूत असलेलं बोनेट आणा आणि त्यावर सगळे चाळे करून बघा. धारेवर मुद्दाम जास्त वेळ मशीन धरा, थर कधी फुटतो ते डोळ्यांनी बघा. तो अंदाज कुठलीही बाटली देत नाही. एक वही ठेवा. गाडी कोणती, रंग कोणता, कोणतं पॅड, कोणतं पॉलिश, किती वेळ लागला, सामान किती गेलं, हे प्रत्येक गाडीचं लिहा. पाच-सहा गाड्या लिहून झाल्या की एका गाडीला खरा खर्च किती येतो ते कळेल, आणि मग कर्जाचा अर्ज किती रुपयांचा करायचा तेही.

ज्या गटाला बोनेट मिळालं त्यांनी मला कळवा. प्रभागसंघाच्या पुढच्या मासिक बैठकीच्या दिवशी मी एक तास आधी येईन, दीड फुटाची परीक्षा सगळ्या मिळून करू. मायक्रोफायबरची दोन कापडं आणि कोणत्याही दोन दुकानांतून लिहून आणलेले पॅडचे भाव सोबत आणा.